पाळी जाण्याचा त्रास की थायरॉइडचा?

माझ्या वहिनी ४७ वर्षांच्या. वर्षभर थकवा, केस गळणं, चिडचिड, पाळी कधी दोन महिन्यांनी तर कधी पंधरा दिवसांत. घरात सगळ्यांनी, मीसुद्धा, एकच म्हटलं: पाळी जायची वेळ आली, व्हायचंच. मग रक्त तपासलं आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, वाढलेलं निघालं; थायरॉइड कमी पडत होतं. दोन्ही गोष्टी एकदमच चालू होत्या. थायरॉइडच्या गोळीने थकवा हळूहळू उतरला, रात्रीच्या वाफा मात्र राहिल्या.

आपल्याकडे साधारण ४६-४७ च्या आसपास पाळी थांबते आणि थायरॉइडचा त्रासही बायकांना याच वयात बऱ्याचदा गाठतो. घोटाळा होतो तो इथे.

उष्णतेचं बघा. पाळी जातानाची वाफ येते आणि जाते. छातीतून मान-चेहऱ्याकडे चढते, काही मिनिटं घाम फुटतो, मग कधी थंडीही वाजते. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी झालं की मेंदूतलं तापमानाचं केंद्र हळवं होतं, जराशा उष्म्यानेही घाम सोडतं. थायरॉइड जास्तच काम करत असेल तर उकाडा दिवसभर पाठ सोडत नाही. घरातले पांघरूण घेऊन बसलेत आणि हिला पंखा पाचवर हवा. जोडीला हात थरथरतात, नुसतं बसलं तरी छाती धडधडते, पोटभर जेवूनही वजन उतरतं. थायरॉइड कमी पडलं तर उलट: थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठ होतो, त्वचा कोरडी पडते, वजन चढतं. रात्रभर झोपूनही अंग जड राहतं. वाफांमुळे येणारा थकवा बहुतेक झोपमोडीचा असतो.

पाळीवरून मात्र ओळखता येत नाही, दोन्हींत ती बिघडते. म्हणून अंदाज बांधत बसू नका, टीएसएच तपासून घ्या. आणि सलग १२ महिने पाळी न येता पुन्हा रक्त दिसलं, अगदी डागापुरतं, तर वाट न पाहता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

पाळी जाण्याच्या त्रासात घरी करण्यासारखं खूप आहे. सुती, सहज उतरवता येतील असे कपडे. चहा-कॉफी, झणझणीत जेवण किंवा मद्य यांतलं वाफ कशाने चढते, ते आठवडाभर टिपून तेवढंच कमी करायचं. नुसतं चालणं पुरत नाही, आठवड्यातून दोनदा तरी वजन उचलण्याचा व्यायाम हवा, कारण इस्ट्रोजेन गेलं की हाडं झपाट्याने झिजतात. नाचणीची भाकरी जरूर खा, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. एवढं करूनही झोप उडत असेल तर औषधं आहेत. सोसत राहू नका, डॉक्टरांशी बोला.

कमी पडलेलं थायरॉइड मात्र आहार-व्यायामाने भरून निघत नाही, गोळी घ्यावीच लागते. पहाटे उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि चहा अर्ध्या-पाऊण तासाने. हाडांसाठी कॅल्शियमची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही. वहिनी दोन्ही गोळ्या एकदमच घ्यायच्या. आता कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर घेतात. केसांसाठी बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा, त्याने थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.