शुक्राणूच्या टोपीतील विकरे: शोधांची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात लग्नाला दोन-तीन वर्षे होऊनही पाळणा हलला नाही, की आधी सुनेच्या तपासण्या होतात, सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलला जातो आणि मुलाच्या तपासणीचा विषय सर्वांत शेवटी निघतो. तो निघालाच, तर घरात एवढेच विचारले जाते, की काउंट किती आला. त्याच रिपोर्टात वीर्य किती मिनिटांत पातळ झाले याचीही एक ओळ असते. तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, पण ती एका विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, कामाची नोंद असते.

बाहेर पडताच वीर्य घट्ट होते. मग प्रोस्टेट ग्रंथीतून आलेले पीएसए हे विकर त्यातील प्रथिनांचे जाळे तोडते आणि साधारण 15 ते 60 मिनिटांत ते पातळ होते. नमुना तासाभराच्या आत प्रयोगशाळेत पोचावा असा नियम असल्याने खानापूरहून खिशात जपून आणलेली डबी एखाद्या वेळी चालून जाते. निपाणीच्या माणसाने मात्र संकोच बाजूला ठेवून बेळगावात किंवा कोल्हापुरातच नमुना द्यावा, हे बरे.

पीएसए हे शुक्राणूचे स्वतःचे विकर नव्हे. शुक्राणूची विकरे त्याच्या डोक्यावरील टोपीसारख्या पिशवीत, अ‍ॅक्रोसोममध्ये, असतात आणि त्यांचा माग प्रथम लागला तो वंध्यत्वाच्या नव्हे, तर संसर्गाच्या अभ्यासात. वृषणाचा अर्क टोचला असता देवीच्या लसीतील विषाणू त्वचेत झपाट्याने पसरतो, असे संशोधक द्युराँ-रेनाल्स यांना 1928 च्या सुमारास आढळले. हा पसरवणारा घटक म्हणजे हायल्युरोनिडेज हे विकर होय, हे चेन आणि डथी यांनी 1940 च्या आसपास दाखवले, आणि 1942 मध्ये मॅक्लीन व रोलँड्स यांनी तेच विकर स्त्रीबीजाभोवतीच्या पेशींचे चिकट वेष्टन विरघळवते हे सिद्ध केले. पुढे 1951 मध्ये चँग आणि ऑस्टिन यांना स्वतंत्रपणे असे दिसले, की ताजा शुक्राणू लगेच बीजात शिरू शकत नाही. स्त्रीच्या जननमार्गात काही काळ राहिल्यावरच त्याला ती क्षमता येते. 1960 च्या दशकात अ‍ॅक्रोसोममधील प्रथिने तोडणारे विकर हाती आले आणि पुढे त्यास अ‍ॅक्रोसिन हे नाव मिळाले. हायल्युरोनिडेजने बाहेरचे वेष्टन सोडवायचे आणि अ‍ॅक्रोसिनने बीजाच्या जाड कवचाला भोक पाडायचे, असे सुटसुटीत चित्र त्यानंतर पाठ्यपुस्तकांत रूढ झाले.

हे चित्र फारच सुटसुटीत होते. 1994 मध्ये जपानी संशोधकांनी अ‍ॅक्रोसिन नसलेले उंदीर तयार केले आणि त्या नरांना पिल्ले झाली. शुक्राणूंना कवच पार करायला थोडा उशीर लागला, इतकेच. 2020 मध्ये हॅमस्टरवर तसाच प्रयोग केला, तेव्हा मात्र शुक्राणू कवचातच अडकले आणि ते नर वांझ ठरले. एका प्राण्यावरून दुसऱ्याबद्दल, आणि दोघांवरून माणसाबद्दल, निष्कर्ष काढण्याची घाई करू नये, हे या दोन प्रयोगांतून उघड झाले. दरम्यान 2002 मध्ये पीएलसी-झीटा हे शुक्राणूतील आणखी एक विकर सापडले; ते कवच फोडत नाही, तर शुक्राणू आत शिरल्यावर बीजात कॅल्शियमच्या लाटा उठवून त्याला जागे करते.

उपचारांनी तोवर वेगळीच वाट धरली होती. 1992 मध्ये ब्रुसेल्समध्ये इक्सी ही पद्धत यशस्वी झाली. तीत एकच शुक्राणू सुईने थेट बीजात सोडला जात असल्याने टोपीतील विकरांची गरजच उरत नाही. टोपी नसलेले, गोल डोक्याचे शुक्राणू असणाऱ्या पुरुषांसाठी ही मोठीच सोय झाली. तरी अशा शुक्राणूंत पीएलसी-झीटाही बहुधा कमी असल्याने इक्सी करूनही बीज निपचित पडून राहण्याचे प्रसंग येतात. अ‍ॅक्रोसिन मोजण्याच्या चाचण्या निघाल्या, पण नेहमीच्या वीर्यतपासणीत त्या रुळल्या नाहीत. हायल्युरोनिडेज मात्र प्रयोगशाळेत टिकून आहे: इक्सीपूर्वी बीजाभोवतीच्या पेशी सोडवण्यासाठी ते बाटलीतून थेंबभर घेतले जाते, आणि शुक्राणूंनी करायचे काम अर्ध्या मिनिटात बशीत उरकते.