ऑक्सफर्डचे पब : पेल्यावर हुकूम कुणाचा?

ऑक्सफर्डला निघालेल्या माणसाला पबांची एक यादी हमखास मिळते. टर्फ टॅव्हर्न, द बेअर, किंग्ज आर्म्स, ईगल अँड चाइल्ड, लॅम्ब अँड फ्लॅग. यादीबद्दल माझी तक्रार नाही, ही नावं तिच्यात हवीतच. पण यातले कितीतरी पब कॉलेजांच्या मालकीचे का, एखादा पब बोळाच्या आत दडून का बसलाय आणि पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी तिथे चोरून का जात होते, हे यादीत नसतं. त्यासाठी १३५५ सालापर्यंत मागे जावं लागतं, कारण या शहरात दारू कुणी विकायची, काय भावाने विकायची आणि कुणी प्यायची यावरून गाव आणि विद्यापीठ यांच्यात शतकानुशतकं जुंपलेली होती.

कारफॅक्स हा शहराचा मधला चौक. त्याच्या एका कोपऱ्यावर तेव्हा स्विंडलस्टॉक नावाची टॅव्हर्न होती. १० फेब्रुवारी १३५५, मंगळवार, संत स्कोलास्टिकाचा सण. वॉल्टर स्प्रिंगहूज आणि रॉजर द चेस्टरफील्ड हे दोघे विद्यापीठवाले आपल्या मंडळींसह तिथे वाइन प्यायला बसले होते. वाइन वाईट आहे म्हणून त्यांनी कुरकुर केली, गुत्तेवाल्याने उलट उत्तर दिलं, बोलाचाली वाढली आणि वाइनचं भांडं त्याच्या डोक्यात बसलं. गावाने सेंट मार्टिनच्या चर्चची घंटा वाजवून माणसं गोळा केली, विद्यापीठाने सेंट मेरीची घंटा वाजवून आपली. दुसऱ्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून हत्यारबंद माणसं शहरात शिरली. विद्यार्थी राहायचे त्या घरांची दारं फोडून लूटमार आणि कत्तल झाली. परंपरेने विद्यापीठाकडच्या मृतांचा आकडा ६३ सांगितला जातो. गावाकडचीही माणसं मेली.

मारामारी गावाने जिंकली आणि निकाल विद्यापीठाच्या बाजूने लागला. राजा तिसरा एडवर्ड याने त्याच वर्षी दिलेल्या सनदेने पाव, एल (बिअरचाच एक प्रकार) आणि वाइन यांच्या भावावर व दर्जावर देखरेख करण्याचा हक्क विद्यापीठाला मिळाला, वजनंमापंही त्यांच्याच ताब्यात गेली. हा हक्क केवढा मोठा होता हे आज चटकन लक्षात येत नाही. तेव्हाची एल हॉप्सशिवाय, म्हणजे बिअर टिकवणाऱ्या कडवट फुलांशिवाय, बनायची, त्यामुळे ती टिकत नसे. सतत ताजी काढावी लागे आणि लहानथोर सगळेच ती रोज पीत. धान्याचा भाव चढला-उतरला की एलचा भाव त्याप्रमाणे ठरवायचा, चव घेऊन दर्जा तपासायचा, माप कमी भरलं तर दंड करायचा, असा तो कारभार. म्हणजे गावातल्या प्रत्येक गुत्तेवाल्याच्या चुलीवर विद्यापीठाची नजर आली. जखमेवर मीठ म्हणून दरवर्षी १० फेब्रुवारीला महापौराने साठ नागरिकांसह सेंट मेरीच्या चर्चमध्ये हजर राहून प्रत्येकी एक पेनी भरायची, अशी शिक्षाही ठरली. ती १८२५ पर्यंत चालली. समेट झाला १९५५ साली, सहाशे वर्षांनी, तेव्हा विद्यापीठाने महापौरांना मानद पदवी दिली. स्विंडलस्टॉकच्या जागी आज बँक आहे. भिंतीवर पाटी आहे, ती वाचायला दोन मिनिटं थांबावं. माझ्या मते ऑक्सफर्डची पबयात्रा तिथूनच सुरू व्हायला हवी.

कॉलेजांचा बिअरशी संबंध नुसता देखरेखीचा नव्हता, ती स्वतःही बिअर काढत. क्वीन्स कॉलेजची भट्टी तर दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडापर्यंत, १९३९ पर्यंत, चालू होती. कॉलेजच्या आत, कॉलेजच्या नियमाने, कॉलेजची बिअर प्यायला कुणाची हरकत नव्हती. हरकत होती ती गावच्या गुत्त्यात जाऊन पिण्याला. पदवीपूर्व विद्यार्थ्यांना तिथे मज्जाव होता आणि तो मोडणाऱ्याला पकडायला प्रॉक्टर नावाचे विद्यापीठाचे अधिकारी रात्री गस्त घालत. बरोबर त्यांचे शिपाई. डोक्यावर गोल बोलर हॅट घातलेल्या या शिपायांना विद्यार्थी ‘बुलडॉग’ म्हणत. पकडलेल्याला नाव आणि कॉलेज सांगावं लागे आणि पुढे दंड. विसाव्या शतकात बंदी सैल होत गेली, तरी विद्यापीठाचं हे स्वतःचं पोलीस दल २००३ पर्यंत टिकून होतं.

टर्फ टॅव्हर्न बघताना हे आठवावं. न्यू कॉलेज लेनकडून जाणारा सेंट हेलेन्स पॅसेज इतका अरुंद आहे की समोरून माणूस आला तर अंग चोरावं लागतं. या बोळाचं जुनं नाव हेल पॅसेज. दोन वळणं घेतली की अचानक अंगण, बसकं छत आणि शहराच्या जुन्या तटबंदीचा तुकडा दिसतो. पब तटाच्या बाहेरच्या अंगाला आहे. गस्तीपासून लपायला याहून सोयीची जागा कुठली? पुढे ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान झालेले बॉब हॉक यांनी विद्यार्थी असताना एक ‘यार्ड’, म्हणजे अडीच पाइंट (सुमारे १.४ लिटर) बिअर, ११ सेकंदांत संपवल्याचा फलक इथे आहे. खुद्द हॉक यांनी मात्र हा प्रसंग कॉलेजच्या भोजनगृहातला म्हणून सांगितला आहे. गाऊन न घालता जेवायला आल्याबद्दलची ती शिक्षा होती. मला तेच अधिक पटतं, कारण बिअर हा दंड म्हणून वापरणं ही अस्सल कॉलेजची रीत.

‘सगळ्यात जुना पब’ या दाव्यांकडे जरा सावधपणे पाहावं. द बेअर १२४२ हे साल मिरवतो. पण बेअर नावाची मूळ मोठी सराई हाय स्ट्रीटवर होती. १८०१ मध्ये तिची राहती घरं झाली आणि नाव मागच्या छोट्या इमारतीकडे गेलं, जी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला सराईच्या घोडेवाल्यासाठी बांधली होती. म्हणजे नाव मध्ययुगीन आणि भिंती त्यामानाने अलीकडच्या. तरीही आत जावंच. डोकं टेकेल इतकं छत आणि काचेच्या पेट्यांमध्ये हजारो टायांची कापलेली टोकं. शाळांच्या, रेजिमेंटच्या, क्लबांच्या. हा प्रकार १९५२ साली सुरू झाला. संग्रहात नसलेला टाय घालून आलेल्याने टोक कापून द्यायचं आणि बदल्यात अर्धा पाइंट बिअर घ्यायची, असा तेव्हाचा रिवाज.

किंग्ज आर्म्स १६०७ चा, मालक वॉडम कॉलेज. याचा मागचा बार १९७३ पर्यंत फक्त पुरुषांसाठी होता. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्डमध्ये कायद्याची परीक्षा दिली ती १८९२ साली. बायकांना पदव्या द्यायला विद्यापीठाने १९२० उजाडवलं. त्यानंतरही अर्ध्या शतकाहून जास्त काळ त्या मागच्या खोलीचं दार बंदच राहिलं. पबांच्या गोडगोड वर्णनांत ही गोष्ट सहसा येत नाही, ती यायला हवी.

सेंट जाइल्स या रुंद रस्त्यावर समोरासमोर असलेल्या दोन पबांची सध्याची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ईगल अँड चाइल्डमध्ये १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून टॉल्किन, सी. एस. लुईस हे लेखक आणि त्यांची ‘इंकलिंग्ज’ नावाची साहित्यिक मंडळी मंगळवारी दुपारच्या जेवणाआधी जमत. १९६२ मध्ये पबची अंतर्गत रचना बदलली आणि उरलेली बैठक रस्ता ओलांडून लॅम्ब अँड फ्लॅगमध्ये गेली. पुढे दोन्ही पबांचा मालक एकच झाला : सेंट जॉन्स कॉलेज. लॅम्ब अँड फ्लॅगच्या पाटीवरचं निशाण लावलेलं कोकरू हे सेंट जॉन द बॅप्टिस्टचं, म्हणजे कॉलेजच्याच संताचं चिन्ह. या पबच्या नफ्यातून कॉलेज संशोधक विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देत असे.

कोविडमध्ये दोन्ही बंद पडले. ईगल अँड चाइल्डला मार्च २०२० मध्ये कुलूप लागलं. २०२३ मध्ये एलिसन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने ती वास्तू विकत घेऊन नूतनीकरणाची योजना आखली. लॅम्ब अँड फ्लॅग तोट्यामुळे जानेवारी २०२१ मध्ये कॉलेजने बंद केला, तेव्हा शहरात हळहळ तर झालीच, पण लोक नुसते हळहळत बसले नाहीत. गावातल्या आणि विद्यापीठातल्या माणसांनी एकत्र येऊन कंपनी काढली, तिला इंकलिंग्जचंच नाव दिलं, कॉलेजकडून पब भाडेपट्ट्यावर घेतला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये तो पुन्हा उघडला. म्हणून कारफॅक्सची पाटी वाचून झाली की मी सरळ उत्तरेला सेंट जाइल्सकडे चालत जायला सांगेन. तिथला पहिला पाइंट लॅम्ब अँड फ्लॅगमध्येच घ्यावा, कारण तिथे पैसे मोजले की ते पब चालता ठेवायला लागतात.