गरीब वस्त्या कर भरत नाहीत, हे खरे नव्हे

अमेरिकेत गरीब वस्तीतल्या सरकारी शाळांना पैसा कमी पडतो तो तिथले लोक कर भरायला कुरकुरतात म्हणून, हा समज जुना असला तरी टेक्सासमधील सॅन अँटोनियोचे आकडे नेमके उलटे सांगतात. १९६७-६८ मध्ये एजवूड या गरीब शाळा-जिल्ह्यात (स्थानिक कर लावून आपल्या शाळा चालवणाऱ्या क्षेत्रात) मालमत्तेच्या दर १०० डॉलर मूल्यांकनावर १.०५ डॉलर कर होता, तर सधन अलामो हाइट्समध्ये ८५ सेंट. तरीही राज्याच्या शालेय निधी योजनेत भरायचा ठरलेला वाटा वगळता स्थानिक करातून दर विद्यार्थ्यामागे एजवूडला २६ डॉलर उरले आणि अलामो हाइट्सला ३३३. दर कितीही चढवला तरी तो ज्यावर बसतो ती मालमत्ताच स्वस्त होती. (सगळी अनुदाने धरूनही हिशेब ३५६ आणि ५९४ असाच राहिला.) देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ही विषमता देशाच्या घटनेविरुद्ध असल्याचा एजवूडच्या पालकांचा दावा फेटाळला, टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९८९ मध्ये राज्याची ही वित्तव्यवस्था त्या राज्याच्याच घटनेविरुद्ध ठरवली.