पार्श्वभूमी: सातबाऱ्यावरची बाई आणि गावची सोसायटी

1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात बाईला सभासद होण्यापासून अडवणारे एकही कलम नाही. सज्ञान असावे, करार करण्यास पात्र असावे, एवढेच. अडते ते उपविधीत, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नियमांत. गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचे, म्हणजे पीककर्ज देणाऱ्या विकास सोसायटीचे, कर्जदार सभासद व्हायचे तर कार्यक्षेत्रात स्वतःच्या नावावर शेतजमीन लागते. गटसचिव, म्हणजे सोसायटीचे कागद सांभाळणारा, सातबारा आणि आठ-अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा) मागतो, क्षेत्र आणि पीक पाहून कमाल मर्यादा पत्रकात कर्जाचा आकडा बसवतो, शेअरची रक्कम कर्जातूनच कापली जाते आणि सोसायटीचा इकरार (जमीन तारण असल्याचा लेखी करार) सातबाऱ्याच्या इतर हक्क या रकान्यात बोजा म्हणून चढतो. निंदणी, वेचणी, दूधदुभते कोण करते, याला या कागदांत रकाना नाही.

1904 च्या पतसंस्था कायद्यापासून प्रवरानगरच्या साखर कारखान्यापर्यंत (पहिला गळीत हंगाम 1950-51) सहकार वाढला तो खातेदारांच्या, म्हणजे ज्यांच्या नावावर जमीन त्यांच्या, जिवावर. खातेदार पुरुषच असणार, हे कुणाला ठरवावेही लागले नाही. वडील वारले की थोरल्या भावाचे नाव एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागे. बहिणींची नावे लागलीच तर इतर हक्कात, आणि पुढे हक्कसोडपत्राने तीही निघून जात.

वारसा कायदा बदलला, पण उशिरा. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलींना सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः वाटेकरी, मानले, मात्र त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. केंद्राच्या दुरुस्तीने 9 सप्टेंबर 2005 पासून ही फट बुजली आणि 1956 च्या हिंदू वारसा कायद्यातले कलम 4(2) गेल्याने शेतजमिनीला हा कायदा लागू आहे का, हा संशयही मिटला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्माने मिळतो, 2005 साली वडील हयात असण्याची गरज नाही, असे स्पष्ट केले. सोसायटीच्या दारात मात्र याचा उपयोग थोडाच. मुलीचा हिस्सा माहेरच्या शिवारात, ती राबते सासरच्या, आणि सोसायटीचे कार्यक्षेत्र सासरच्या गावापुरते.

म्हणून खरा वाद झाला तो बायकोच्या नावाचा. नोव्हेंबर 1986 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी चळवळीचे महिला अधिवेशन भरले. त्यातून पुढे 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक निघाली: नवऱ्याने हयातीतच जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करावा. पुष्कळ गावांनी ते केलेही. 1992 मध्ये राज्य शासनाने परिपत्रक काढून पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची वाट सोपी केली, आणि गुंताही तिथेच सुरू झाला.

वाट अशी: नवऱ्याचा अर्ज, तलाठ्याकडे फेरफार (नाव बदलाची नोंद), हितसंबंधितांना नोटीस, हरकतीसाठी 15 दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याची प्रमाणित नोंद. ना मुद्रांक, ना खरेदीखत. पण हस्तांतरणाचा दस्त नसताना मालकी बदलली का? महसूल संहितेच्या कलम 157 नुसार सातबाऱ्यावरची नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, पण नोंदीने मालकी निर्माण होत नाही, हा न्यायालयांचा जुना निर्वाळा आहे. नवऱ्याने कबूल केलेला हिस्सा नोंदला, मग शंका कसली, असे एक बाजू म्हणते. दीर किंवा मुलगा उद्या दिवाणी दाव्यात गेला तर हातात काय, असे दुसरी विचारते. दोन्ही बाजूंना आधार आहे. मात्र दुसऱ्या बाजूचे ऐकून नावच लावायचे नाही, हा सल्ला बाईच्या फायद्याचा कधीच नव्हता.

व्यवहारातल्या चुका यापेक्षा साध्या. नाव भोगवटादार सदरी, म्हणजे मालकाच्या रकान्यात, न लागता इतर हक्कात गेले, तर सोसायटी तिला खातेदार धरत नाही. जमीन भावाभावांत वाटलेली नसेल, तर नवऱ्याचा हिस्साच अनिश्चित. आधीचा बोजा असेल तर बँकेचा दाखला लागतो. सामाईक खात्यात नाव आले की पीककर्जाला सहखातेदाराची संमती लागते. नवऱ्याला ती कटकट वाटते आणि 'कर्जापुरते नाव कमी करू' हा विषय घरात निघतो. वेगळा तुकडा काढून द्यायचा तर तुकडेबंदी, म्हणजे ठराविक क्षेत्राहून लहान तुकडे पाडण्याची मनाई, आड येते: 2023 पासून राज्याच्या बहुतेक भागात जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे हे किमान प्रमाणभूत क्षेत्र आहे. विधवेचे आणखी एक. वारसाचा फेरफार मंजूर झाला म्हणून सोसायटीच्या सभासद रजिस्टरात नाव आपोआप येत नाही, तिथे वेगळा अर्ज करावा लागतो. तो राहिला की शेअर मयताच्या नावावर, थकबाकी मात्र घरावर.

दार अरुंदच राहिले, आरक्षण आले ते माडीवर. सहकारी संस्थांबाबतच्या 97 व्या घटनादुरुस्तीनंतर राज्याने 2013 मध्ये सहकारी संस्था अधिनियम बदलला. व्यवस्थापन समितीत महिलांना दोन जागा, बहुतेक विकास सोसायट्यांत समितीच्या एकूण 13 जागांपैकी. (2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांतल्या सहकारी संस्थांपुरता घटनादुरुस्तीचा तो भाग रद्द केला, राज्याचा कायदा राहिला.) उमेदवार आधी सभासद हवी, म्हणून निवडणुकीच्या तोंडावर काही घरांत अचानक बायकोच्या नावे जमीन होते. राज्याच्या त्याच 2013 च्या दुरुस्तीत पाच वर्षांत किमान एका सर्वसाधारण सभेला हजेरी, ही क्रियाशील सभासदाची अट होती. सभा भरते देवळात किंवा चावडीवर, सूचना जाते नवऱ्याच्या हाती.

कर्जमाफीतही हेच. 2017 च्या मूळ निर्णयात दीड लाखाची मर्यादा कुटुंबाला होती, म्हणजे बाईचे स्वतंत्र खाते नवऱ्याच्या खात्यात मोजले जाणार. 2019 च्या योजनेत वैयक्तिक खाते धरले गेले.

दरम्यान 'शेतकरी' शब्दाची व्याख्याच रुंदावण्याचा प्रयत्न झाला. 2007 च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात कुळे आणि शेतमजूरही आले. महिला शेतकऱ्यांना ग्रामपातळीवर दाखला द्यावा, असे खासगी विधेयक 2012 मध्ये राज्यसभेत मांडले गेले आणि व्यपगत झाले. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांत, म्हणजे प्रत्यक्ष शेती चालवणाऱ्यांत, महिला सुमारे 14 टक्के होत्या.

आता आशा उत्पादक कंपन्यांकडे, म्हणजे शेतकऱ्यांनीच भागधारक होऊन काढलेल्या कंपन्यांकडे, लावली जाते. कंपनी कायद्यातली अशा कंपन्यांची तरतूद 2003 पासून लागू आहे, आणि तिथे भागधारक 'उत्पादक' असला की पुरे. खंडाने शेती करणारी किंवा शेळ्या पाळणारी बाईही चालते. अशा कंपन्यांसाठीच्या 2020 च्या केंद्रीय योजनेत सपाट भागात किमान 300 सभासद आणि प्रत्येकी 2,000 रुपयांपर्यंत, एकूण 15 लाखांच्या मर्यादेत भागभांडवल अनुदान आहे. प्रत्यक्षात सभासद अर्जाला पुन्हा सातबाराच जोडायला सांगतात. कंपनी खत देईल, माल विकेल. तीन लाखांपर्यंतचे बिनव्याजी पीककर्ज मात्र सोसायटी किंवा बँकेतूनच, खातेदाराच्या नावावर.