विद्यापीठ परिसरातील सुरक्षा व पोलीस व्यवस्था

विद्यापीठाच्या आवारात शिकणाऱ्या, राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या लोकांच्या संरक्षणाची यंत्रणा. पहारा, गस्त, दिवे, तक्रार कक्ष, समुपदेशन आणि काही देशांत विद्यापीठाचे स्वतःचे पोलीस दल यांचा तीत समावेश होतो. आवार हे दिवसा गजबजणारे आणि रात्री कोपऱ्याकोपऱ्यांत सामसूम होणारे एक गावच असते. फरक इतकाच, की त्यातली बहुतेक वस्ती दर तीन-चार वर्षांनी बदलते. साहजिकच शहरातल्या पोलीस ठाण्याची रीत इथे जशीच्या तशी चालत नाही.

फाटकाच्या आत सत्ता कोणाची, हा वाद जुना आहे. पॅरिसमध्ये १२२९ साली दंगलीनंतर नगररक्षकांनी काही विद्यार्थ्यांना ठार मारले, तेव्हा अध्यापकांनी सुमारे दोन वर्षे अध्यापन बंद ठेवले. पोपने १२३१ मध्ये सनद देऊन विद्यापीठाचे स्वातंत्र्य मान्य केल्यावर तो संप मिटला. ग्रीसमध्ये १७ नोव्हेंबर १९७३ रोजी लष्करी राजवटीने अथेन्सच्या पॉलिटेक्निक या तंत्रज्ञान विद्यापीठाचे फाटक रणगाड्याने पाडले. त्या आठवणीतून पुढे १९८२ च्या कायद्याने विद्यापीठांच्या आवारात पोलिसांच्या प्रवेशावर निर्बंध आले. ते २०१९ मध्ये उठवण्यात आले, आणि २०२१ मध्ये विद्यापीठ पोलीस दलाचा कायदा होताच विद्यार्थी पुन्हा रस्त्यावर उतरले. गणवेश पाहून कोणाला हायसे वाटते तर कोणाच्या पोटात गोळा येतो. हे त्या जागेच्या इतिहासावर ठरते.

अमेरिकेत स्वतंत्र पोलीस दलाची सुरुवात १८९४ मध्ये येल येथे दोन शिपायांनी झाली. ओहायो राज्यातील केंट स्टेट विद्यापीठात ४ मे १९७० रोजी नॅशनल गार्ड या राखीव लष्करी दलाच्या गोळीबारात चार विद्यार्थी मेले, नऊ जखमी झाले. बाहेरून आणलेले सशस्त्र दल आवार ओळखत नसते, हा त्यातला धडा. त्या काळात अनेक विद्यापीठांनी आपली दले वाढवली.

खरी कलाटणी मात्र माहितीच्या हक्काने दिली. पेन्सिल्व्हेनियातील लीहाय विद्यापीठात १९८६ मध्ये जीन क्लेरी या विद्यार्थिनीचा वसतिगृहाच्या खोलीत खून झाला. आपोआप कुलूपबंद होणारी दारे कोणीतरी अडकण लावून उघडी ठेवली होती. तिच्या आईवडिलांच्या पाठपुराव्यातून १९९० चा क्लेरी कायदा आला: विद्यापीठांनी दरवर्षी मागील तीन वर्षांच्या गुन्ह्यांचे आकडे जाहीर करायचे आणि धोका असल्यास वेळीच इशारा द्यायचा. ‘वेळीच’ या शब्दाची किंमत १६ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेतल्याच व्हर्जिनिया टेक विद्यापीठात कळली. सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात दोघांचा खून झाला. सर्वांना ई-मेल गेला तो दोन तासांनंतर, आणि थोड्याच वेळात त्याच हल्लेखोराने दुसऱ्या इमारतीत आणखी तीस जणांना मारले. त्यानंतर तातडीचे संदेश पाठवण्याच्या यंत्रणा आल्या. शिक्षक, समुपदेशक व पोलीस एकत्र बसून धोक्याची चिन्हे तपासणारी पथकेही उभी राहिली.

आकड्यांबाबत एक खबरदारी घ्यावी लागते. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी वाढल्या म्हणजे अत्याचारच वाढले असे नव्हे. लोक बोलू लागले असाही त्याचा अर्थ असू शकतो. उलट शून्य तक्रारींचे विद्यापीठ संशयास्पदच मानावे. नाव वाचवण्यासाठी प्रकरण दडपण्याची ओढ संस्थेला असते, आणि विद्यापीठाचे पोलीस त्याच संस्थेचे पगारी नोकर असतात. या दुखण्यावर बाहेरच्या सदस्यांची देखरेख समिती, गोपनीय तक्रारीची सोय आणि शहर पोलिसांशी हद्द व तपास यांविषयी लेखी करार असे उपाय केले जातात.

प्रत्यक्ष सुधारणेची कामे बरीच साधी असतात. अंधाऱ्या वाटांवर दिवे, वाढलेल्या झुडपांची छाटणी, रात्री ग्रंथालयापासून वसतिगृहापर्यंत सोबत, आणि रोज त्याच रस्त्याने पायी फिरणारा, मुलांना चेहऱ्याने ओळखणारा शिपाई. कॅमेरे घटनेनंतरच्या तपासाला उपयोगी पडतात, पण पडद्यासमोर कोणी बसलेले नसेल तर चालू घटना ते थांबवू शकत नाहीत. मानसिक ताणातल्या विद्यार्थ्याकडे बंदूकधाऱ्याऐवजी प्रशिक्षित समुपदेशकाला पाठवण्याची पद्धतही काही विद्यापीठांनी स्वीकारली आहे. शस्त्राचा धोका असेल तेव्हाच पोलीस सोबत जातात.