आरा ग्युलर: इस्तंबूलच्या जुन्या फोटोंमागचा आर्मेनियन बातमीदार

जुनं इस्तंबूल म्हणून नेटवर जे ब्लॅक अँड व्हाइट फोटो फिरत असतात, म्हणजे धूर ओकणारी बोट, मागे मशिदींचे मिनार, पुलावरून डोकं खाली घालून चाललेली माणसं, त्यातले बरेच आरा ग्युलरचे असतात. 'इस्तंबूलचा डोळा' असं बिरुदही त्याला चिकटलंय. पण हे फोटो आता कॅफेच्या भिंतीवर लावायची नॉस्टॅल्जिक शोभा झालेत आणि तिथेच माझं जरा बिनसतं, कारण हा माणूस स्वतःला कलाकार म्हणवूनच घ्यायचा नाही, मी प्रेस फोटोग्राफर आहे म्हणायचा. त्यामुळे तो कुठून आला, कशासाठी फोटो काढत होता ते जरा मागे जाऊन बघायला हवं.

मागे म्हणजे बरंच मागे. ऑटोमन साम्राज्यात, म्हणजे इस्तंबूलहून चालणाऱ्या जुन्या तुर्की साम्राज्यात, फोटोग्राफीचा धंदा मोठ्या प्रमाणात आर्मेनियन या ख्रिश्चन अल्पसंख्य लोकांच्या हातात होता. सगळ्यात गाजलेले म्हणजे अब्दुल्ला बंधू: विचेन, होवसेप आणि केवोर्क. नाव ऐकून मुसलमान वाटतील पण पक्के आर्मेनियन. विचेन आधी हस्तिदंतावर बारीक चित्रं रंगवायचा, मग राबाख नावाच्या एका जर्मन केमिस्टच्या स्टुडिओत लागला आणि 1858 साली भावांनी तो स्टुडिओच विकत घेतला. 1863 मध्ये सुलतान अब्दुलअझीझचे दरबारी फोटोग्राफर झाले. पुढे रशियाशी युद्ध हरल्यावर, रशियन सैन्य पार इस्तंबूलच्या वेशीपर्यंत येऊन बसलेलं असताना, या भावांनी रशियन राजघराण्यातल्या ग्रँड ड्यूकचे फोटो काढले म्हणून दरबारी पद गेलं, ते काही वर्षांनी परत मिळालं. तिकडे जेरुसलेमला तर खुद्द आर्मेनियन धर्मगुरू येसायी गराबेदियन मठाच्या आवारात पोरांना फोटोग्राफी शिकवत होते. हे असं का, याची कारणं बरीच सांगतात. मला पटतं ते असं की औषधं आणि केमिकल्स, सोनारकाम, मिनिएचर पेंटिंग या कसबांत हा समाज आधीपासून मुरलेला होता आणि त्या काळातली फोटोग्राफी म्हणजे निम्मी केमिस्ट्रीच की.

आरा जन्मला 16 ऑगस्ट 1928 ला, इस्तंबूलच्या बेयोग्लू भागात, आणि गंमत म्हणजे वडील फार्मासिस्ट, दुकान तिथल्या मेन रोडवर, इस्तिकलाल रस्त्याला. वडील मूळचे अनातोलियातल्या शेबिनकाराहिसार गावाकडचे, लहानपणी शिकायला इस्तंबूलला आलेले. 1915 मध्ये, ऑटोमन सरकारने आर्मेनियन लोकांची हद्दपारी आणि कत्तल चालवली असताना, त्या गावातल्या आर्मेनियन लोकांनी किल्ल्यात शिरून सैन्याला काही आठवडे तोंड दिलं होतं, शेवटी जे व्हायचं तेच झालं. घराण्याचं आडनाव डेरडेरियन. 1934 मध्ये तुर्कस्तानात सगळ्यांना आडनाव सक्तीचं करणारा कायदा आला, त्यानंतर ते ग्युलर झालं. आरा गेट्रोनागान या आर्मेनियन शाळेत शिकला, सिनेमाच्या स्टुडिओत उमेदवारी केली, नाटकाचे क्लास केले, इकॉनॉमिक्सला अ‍ॅडमिशन घेऊन अर्ध्यात सोडलं, आणि 1950 मध्ये 'येनी इस्तंबूल' पेपरात चिकटला.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते काम. 1952 साली त्याने कुमकापी या इस्तंबूलमधल्या मारमारा समुद्राकाठच्या वस्तीतल्या आर्मेनियन कोळ्यांवर फोटोंची मालिका केली आणि ती छापून आली 'जमानाक' या इस्तंबूलच्याच आर्मेनियन दैनिकात. पहाटे बोटी, जाळी, थंडीत कुडकुडणारी माणसं. कॅमेरा बोटीत त्यांच्यासोबत आहे, किनाऱ्यावरून झूम करून घेतलेलं नाही काही. काहीच वर्षांत पंतप्रधान मेंदेरेसच्या सरकारने शहर मॉडर्न करायचं म्हणून हजारो इमारती पाडून रुंद रस्ते काढले आणि मारमारा किनाऱ्याने कोस्टल रोड टाकला, तो नेमका कुमकापीसमोरून गेला. म्हणजे कोळीवाडा आणि पाणी यांच्यामध्ये गाड्या आल्या. (मुंबईकरांना हे वेगळं समजवायला नको!) युरोपियन बाजूच्या जुन्या ट्राम 1961 मध्ये बंद झाल्या, गलाताचा तरंगता पूल 1992 मध्ये जळाला. त्याच्या फोटोत हे सगळं रोज वापरात असलेलं दिसतं, कारण तेव्हा ते होतंच तसं, त्याने जुनं म्हणून काढलेलं नाही.

दुसरा किस्सा अफ्रोडिसियास या तुर्कस्तानातल्या प्राचीन ग्रीक-रोमन शहराचा, हा सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1958 मध्ये एका धरणाच्या उद्घाटनाचं कव्हरेज करून परत येताना ड्रायव्हर रस्ता चुकला आणि रात्री ते गेयरे नावाच्या खेड्यात पोचले. तिथल्या चहाच्या टपरीत दिव्याच्या उजेडात गडी पत्ते कुटत बसलेले, आणि टेबल काय, तर प्राचीन खांबाचा नक्षीदार माथा! सकाळी बघतो तर घरांच्या भिंतीत, अंगणात, जिकडे तिकडे संगमरवर. अख्खं गाव जुन्या शहराच्या डोक्यावर बसलेलं. त्याने फोटो काढून बाहेर पाठवले, परदेशी मासिकांनी छापले, एका अमेरिकन मासिकाला सोबत लेख हवा होता तो केनान एरिम या पुरातत्त्व अभ्यासकाने लिहिला, आणि 1961 पासून त्याच एरिमनी तिथे उत्खनन सुरू केलं ते 1990 मध्ये मरेपर्यंत. आज ते ठिकाण युनेस्कोच्या यादीत आहे, 2017 पासून. तिथे कोणीतरी खणलं आधीही होतं, पण जगाचं लक्ष गेलं ते या फोटोंनी. आणि त्यातला माझ्या मते ग्रेट फोटो देवळाचा नाही, पत्त्यांचाच.

बाकी करिअर भराभर सांगतो. 1958 ला 'टाइम-लाइफ'ने तुर्कस्तानात ऑफिस उघडलं तेव्हा हा त्यांचा माणूस झाला, मग 'पॅरिस मॅच', 'स्टर्न', लंडनचा 'संडे टाइम्स'. कार्तिए-ब्रेसाँ आणि मार्क रिबू या फ्रेंच फोटोग्राफरांशी ओळख झाली, त्यातून मॅग्नम या फोटो एजन्सीशी संबंध आला. 1962 मध्ये जर्मनीत 'मास्टर ऑफ लायका' (लायका म्हणजे कॅमेऱ्याची कंपनी) किताब. चर्चिल, तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल, चित्रकार दाली, सिनेमावाला हिचकॉक, आपल्या इंदिरा गांधी, सगळे त्याच्या कॅमेऱ्यासमोर येऊन गेले. पिकासोच्या नव्वदीच्या निमित्ताने 1971 मध्ये स्किरा प्रकाशनाने पुस्तक काढलं, त्याचेही फोटो याचे. तुर्की कादंबरीकार ओरहान पामुकच्या इस्तंबूलवरच्या आठवणींच्या पुस्तकात याचे फोटो आहेत, आपल्याकडे बऱ्याच जणांना तो तिथूनच माहीत झाला असणार.

आर्मेनियन असण्याचं त्याने कधी भांडवल केलं नाही, उलट आपण इस्तंबूलचे एवढंच पुढे ठेवलं. काहींना यात कचखाऊपणा दिसतो. पण 1942 चा संपत्ती कर, जो मुख्यतः बिगर-मुस्लिमांच्या बोकांडी बसला, आणि सप्टेंबर 1955 ची दंगल, ज्यात त्याच इस्तिकलाल रस्त्यावरची ग्रीक, आर्मेनियन, ज्यूंची दुकानं फोडली, हे दोन्ही बघून तिथेच राहिलेल्या पिढीला घरात बसून जज करणं सोपं आहे हो. कुमकापीचे फोटो मात्र बऱ्याच उशिरा, 2010 मध्ये, पुस्तकरूपात आले, ते इस्तंबूलच्याच आरास या आर्मेनियन प्रकाशनाने काढले.

त्याच्या नव्वदाव्या वाढदिवसाला, 16 ऑगस्ट 2018 ला, बोमोंती भागातल्या जुन्या बिअर कारखान्याच्या आवारात त्याचं म्युझियम उघडलं आणि 17 ऑक्टोबरला तो गेला. अंत्यविधी बेयोग्लूच्या मासळीबाजारातल्या आर्मेनियन चर्चमध्ये झाला, दफन शिशलीच्या आर्मेनियन दफनभूमीत. मागे लाखो फ्रेम्स राहिल्यात, दोउश या उद्योगसमूहाच्या मदतीने त्या लावायचं, स्कॅन करायचं काम म्युझियमसोबतच सुरू झालं.