मोटारीचा दोर आणि माणसाचा दोर

गेल्या हिवाळ्यात मी जालन्याच्या मोंढ्यातल्या एका दुकानात बोअरच्या मोटारीसाठी दोर घ्यायला गेलो होतो, तेव्हा महाविद्यालयातले तीन तरुण तिथे कड्यावर चढण्यासाठी दोर मागत होते. दुकानदाराने पिवळ्या दोराचे भेंडोळे त्यांच्यापुढे टाकले आणि ‘पाच एचपीची मोटार वर्षानुवर्षे लटकते याला, तुमचे ते वजन किती!’ असे म्हणून सौदा जवळजवळ पटवला. हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. त्यातली चूक ‘लटकते’ या एका क्रियापदात आहे, कारण मोटार लटकते आणि चढणारा माणूस पडतो.

८० किलोचा माणूस दोराला शांतपणे लटकला तर दोरावर त्याच्या वजनाइतका, म्हणजे सुमारे ०.८ किलोन्यूटन ताण येतो. तोच माणूस दोन मीटर खाली पडून दोराने थांबवला गेला, तर ताण किती येईल हे त्याच्या वजनावरून सांगता येत नाही. तो किती अंतरात थांबला ते विचारावे लागते. पडताना मिळालेली सगळी ऊर्जा थांबण्याच्या अंतरात जिरली पाहिजे, आणि अंतर जितके कमी तितके बल जास्त. पाच सेंटिमीटरमध्ये थांबवायचे तर सरासरी बल सुमारे ३२ किलोन्यूटन होते, म्हणजे सव्वातीन टन वजन अंगावर आल्यासारखे. साठ सेंटिमीटरमध्ये थांबवले तर तेच बल साडेतीन किलोन्यूटनच्या आत येते. अजिबात न ताणणारा दोर एक वेळ तुटणार नाही, पण त्याच्या टोकाला बांधलेल्या माणसाचा कणा आणि आतडी तो धक्का सोसणार नाहीत. माणूस वाचतो तो दोर ताणला जातो म्हणून.

युरोपातले गिर्यारोहक पूर्वी हेम्पच्या तंतूंचे दोर वापरत, आणि ते फारसे ताणले जात नसल्यामुळे ‘पुढे चढणाऱ्याने पडायचेच नाही’ असा दंडक होता. १९४०च्या दशकात नायलॉनचे दोर आले आणि १९५३ मध्ये एडेलरिड या जर्मन कंपनीने आत पिळदार गाभा आणि बाहेर विणलेले आवरण असा दोर आणला. आजचे गिर्यारोहणाचे दोर त्याच घडणीचे आहेत. आपल्याकडे प्लॅस्टिकच्या कुठल्याही दोराला नायलॉनचा दोर म्हणण्याची पद्धत आहे, परंतु दुकानातला तो पिवळा दोर बहुधा पॉलिप्रॉपिलिनचा असतो. हे प्लॅस्टिक उन्हाने लवकर ठिसूळ होते, नायलॉनपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला वितळते, आणि त्या दोराची पडीच्या धक्क्यासाठी चाचणी झालेली नसते.

आता या विषयातला माझा सर्वांत आवडता भाग. पडीची लांबी भागिले पड झेलणाऱ्या दोराची लांबी या गुणोत्तराला पतन गुणांक म्हणतात. दोराचा प्रत्येक मीटर थोडा थोडा ताणला जातो, त्यामुळे दोर लांब असेल तर ऊर्जा जिरवायला जागाही अधिक मिळते. पडीची लांबी दुप्पट केली आणि दोरही दुप्पट घेतला, तर ऊर्जा दुप्पट आणि ती जिरवणारा दोरही दुप्पट, म्हणून कमाल ताण तोच राहतो. दोन मीटर दोरावरची दोन मीटरची पड आणि वीस मीटर दोरावरची वीस मीटरची पड, कागदावर दोन्हींचा धक्का सारखाच असतो; प्रत्यक्षात लांब पडीत मध्ये एखादा टप्पा लागून हाड मोडण्याची भीती अर्थातच वाढते.

स्प्रिंगचे साधे गणित मांडले तर कमाल ताण असा येतो: शरीराचे वजन, अधिक एका बेरजेचे वर्गमूळ, त्या बेरजेत एक पद वजनाचा वर्ग आणि दुसरे पद वजन, दोराचा ताठपणा (म्हणजे दोर ताणून दुप्पट लांब करायला हिशेबाने लागेल ते बल) आणि पतन गुणांक यांच्या गुणाकाराची दुप्पट. गुणांक शून्य ठेवला तरी उत्तर वजनाच्या दुप्पट येते, म्हणजे दोर जराही सैल नसताना माणसाचा भार एकदम आला तरी ताण दुप्पट होतो. दोराचा ताठपणा २४ किलोन्यूटन धरून मी दोन प्रसंग ताडून पाहिले. पहिल्यात चढणारा दहा मीटर दोर बाहेर असताना नवव्या मीटरवरच्या बोल्टच्या, म्हणजे दोर अडकवण्यासाठी कड्यात बसवलेल्या खिळ्याच्या, एक मीटर वरून पडतो: पड दोन मीटर, गुणांक ०.२, ताण सुमारे ३.६ किलोन्यूटन. दुसऱ्यात तो कड्यातल्या थांब्यावरून, म्हणजे जोडीदार स्वतःला बांधून दोर धरून उभा असतो त्या जागेवरून, फक्त एक मीटर वर गेला आहे, मध्ये बोल्ट अडकवलेला नाही, आणि पडून जोडीदाराच्या एक मीटर खाली जातो: पड तीच दोन मीटर, गुणांक २, ताण सुमारे ९.५ किलोन्यूटन. थांबा सोडताच पहिला कॅराबिनर, म्हणजे दोर ओवायची उघडझाप होणारी धातूची कडी, लगेच अडकवा असे प्रशिक्षक घसा कोरडा करून सांगतात, त्याचे कारण हे आहे. वरच्या कॅराबिनरवर तर दोराच्या दोन्ही बाजूंचा ताण एकत्र येतो, आणि घर्षण धरून तो चढणाऱ्यावरील ताणाच्या दीडपटीहून अधिक भरतो. कॅराबिनर लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन सोसतो. त्याचे फाटक उघडे राहिले तर मानकानुसार हमी फक्त सुमारे ७ किलोन्यूटनची उरते.

एकच दोर वापरून चढण्यासाठी असलेल्या दोराच्या चाचणीत ८० किलोचे वजन सुमारे १.७ गुणांकाने पाडतात. पहिल्या पडीचा ताण १२ किलोन्यूटनपेक्षा जास्त होता कामा नये आणि दोराने अशा किमान पाच पडी सोसल्या पाहिजेत. शरीर क्षणभर आपल्या वजनाच्या पंधरा पटींपर्यंतचा धक्का कसाबसा सोसते, या अंदाजाशी १२ हा आकडा जुळतो. बाजारात ‘लष्करी दर्जाचा’ म्हणून विकला जाणारा पॅराकॉर्ड, म्हणजे पॅराशूटच्या दोरीसारखा बारीक दोर, नावाप्रमाणे ५५० पौंडांचा, म्हणजे जेमतेम अडीच किलोन्यूटनचा असतो. वरच्या सौम्य पडीलाही तो पुरणार नाही. चढाईपूर्वी कड्याच्या पायथ्याशी नारळ फोडायला माझी हरकत नाही, फक्त गाठ तपासण्याचे काम त्या नारळावर सोपवू नये.

हेच गणित थांब्यावरही लागू होते. डायनिमा या मजबूत कृत्रिम तंतूचा पट्टा जवळपास ताणलाच जात नाही, म्हणून तो अडकवून अँकरच्या, म्हणजे थांब्यावर स्वतःला बांधायच्या आधाराच्या, वर उभे राहणे आणि तिथून अर्धा मीटर घसरणे हे बोल्टवरच्या लांब पडीपेक्षा घातक ठरू शकते. नवशिक्यांनी आधी टॉप रोपवर, म्हणजे दोर वरून आलेला असताना, पायांवर भार देऊन चढायला शिकावे. तिथे गुणांक अगदी लहान राहतो, जोडीदाराने दोर सैल सोडला नाही तर.

मराठवाड्यातल्या, विशेषतः अजिंठ्याच्या डोंगररांगेतल्या कड्यांचा दगड बेसाल्टचा आहे. तो लाव्ह्याच्या आडव्या थरांनी बनलेला असून घट्ट थराखाली अनेकदा पोकळ्यांचा, झिजलेला थर येतो, त्यामुळे हाताची पकड ठोकून पाहिल्याखेरीज तिच्यावर भार टाकू नये आणि हेल्मेट खाली उभ्या असलेल्यानेही घालावे. देवगिरीचा तासलेला कडा कितीही खुणावत असला तरी ते संरक्षित स्मारक आहे, सरावाची जागा नव्हे. घट्ट बेसाल्टच्या तुटक्या कडा धारदार असतात. आजचा चांगला दोर गाठीपाशी किंवा निव्वळ धक्क्याने सहसा तुटत नाही, तो तुटतो ताणलेल्या स्थितीत धारेवर घासल्याने. म्हणून अशा ठिकाणी दोराखाली जाड कापड किंवा दोर-रक्षक ठेवतात.

दुसरा शत्रू आम्ल. बॅटरीतले सल्फ्युरिक आम्ल, त्याचा नुसता अंश लागला तरी, नायलॉनचे रेणू तोडते. ट्रॅक्टरच्या किंवा जीपच्या बॅटरीशेजारी दोर टाकून कड्यापर्यंत नेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, कारण असा दोर दिसायला नवाकोरा राहतो आणि गाठ मारताना बोटांना काहीच जाणवत नाही.